इस्त्री केलेला एअर फिल्टर

रविवार, दुपारचे तीन, दुकानातूनच

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण समोर ओल्या चादरी पसरल्या आहेत. त्यांच्यावर आडवा झालो तर तुझी भावजय मला त्यांच्याबरोबरच पिळून काढेल, म्हणून बसल्या जागेवरूनच पोचता करतो. तुझी तब्येत कशी आहे? दाजींचा गुडघा काय म्हणतो? (डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटल्यावर ते तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले, तेव्हाच मी ओळखलं की आपल्या घरात शोभेल असाच जावई मिळाला आहे.) इकडे आम्ही सगळे खुशाल. सगळे म्हणजे मी आणि तुझी भावजय. तिसरं माणूस तुझ्याकडे येऊन आज एकोणीस दिवस झाले, तेव्हा त्याची खुशाली तू कळवायची, आणि ती तू कळवत नाहीस. विचारलं की म्हणतेस, चिमी बरी आहे, जेवते, झोपते. अगं, एवढी माहिती तर कैद्याचीसुद्धा मिळते. फोनवरच नीट बोललो असतो, पण तीस वर्षं धुलाईच्या यंत्रांशेजारी उभा राहून बोलल्यामुळे मी प्रेमाने बोललो तरी पलीकडच्याला आग लागल्यासारखं वाटतं. कागदाला आवाज नसतो, म्हणून कागद.

आधीच सांगून टाकतो की तिच्यावाचून इथे काहीही अडलेलं नाही. (एक-दोन गोष्टी अडल्या आहेत, त्या पुढे येतील.) तिनं तुला काय सांगितलं असेल ते मला पाठ आहे. बाबांनी मला व्हॅनवरून उतरवलं, तेही भर काउंटरवर, चार गिऱ्हाइकांसमोर. हे खरं आहे. गिऱ्हाइकं तीन होती, चौथा पोस्टमन होता, पण असो. मी म्हणालो की ज्याला गाडीचं मन कळत नाही त्यानं गाडीला हात लावू नये, उद्यापासून मीच नेतो. यावर ती ओरडली असती, आदळआपट केली असती, तर मी समजू शकलो असतो, आपल्या घरात ती रीतच आहे. पण ती नुसतं "बरं" म्हणाली. इतक्या हळू म्हणाली की शेजारच्या इस्त्रीचा फुसफुसाटच मोठा वाटला. दुसऱ्या दिवशी बॅग भरून तुझ्याकडे. आणि आता तूच फोनवर जाता जाता सांगतेस की तुमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीला गाडीवर माणूस हवा आहे आणि ती पहिल्या तारखेपासून तिथे लागायचं म्हणते आहे. ताई, पहिली तारीख दहा दिवसांवर आली. आपली पोर दुसऱ्याचे पाव वाटत फिरणार, आणि का, तर एका कागदाच्या तुकड्यामुळे. तो कागद म्हणजे काय ते आता सविस्तर ऐक, आणि मधे मधे दाजींना कामाला उठवू नकोस, त्यांनाही ऐकू दे.

आमच्या कामाचा क्रम तुला ठाऊक आहे. धुलाई, खळ, इस्त्री माझी. हिशोबवही आणि काउंटर तुझ्या भावजयीचं. आणि गेली दोन वर्षं व्हॅन चिमीची. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे चढावरचं हॉस्पिटल. रोज सकाळी सातच्या आत दीडशेवर चादरी, उशांचे अभ्रे आणि डॉक्टरांचे कोट तिथल्या मुख्य परिचारिका बाईंच्या ताब्यात गेले पाहिजेत. बाई करारी आहेत. सातला एक मिनिट झालं की घड्याळाकडे बघतात, दोन झाली की आपल्याकडे बघतात, तिसऱ्या मिनिटापर्यंत थांबायची माझी आजवर हिंमत झाली नव्हती. दोन वर्षांत चिमीला तिसरं मिनिट एक दिवस सोडला तर कधी लागलं नाही, हेही कबूल करतो. कौतुक तोंडावर करू नये असं आपले आबा म्हणत, ते मी पाळलं. जरा जास्तच पाळलं असं तुझी भावजय म्हणते.

तर दोन महिन्यांपूर्वी असाच एक रविवार होता. पोरगी मैत्रिणीकडे गेलेली, भावजय आडवी झालेली, आणि मला काही काम नव्हतं. (मला काम नसलं की घरातल्यांनी जागं राहावं, हे तू लहानपणापासून सांगत आलीस.) मी व्हॅन धुवायला काढली. बाहेरून धुतली, आतून पुसली, तरी अर्धी बादली पाणी उरलं, ते वाया कशाला घालवा म्हणून बॉनेट उघडलं. इंजिनाच्या बाजूला एक काळा डबा होता, चार चाप लावलेला. उघडला. आत जे होतं ते बघून माझ्या अंगावर काटा आला. पिवळट कागदाच्या बारीक बारीक चुण्या घातलेली चौकोनी वस्तू, भोवती रबराची कड, आणि चुण्यांवर करड्या लवेचा बोटभर थर. लव आमचीच. मागच्या गल्लीत व्हॅन जिथे उभी राहते तिथेच आमच्या सुकवण्याच्या यंत्राचा पाइप भिंतीतून बाहेर येतो, आणि टॉवेल-चादरींची सगळी लव गाडीवर उडते. माल भरताना इंजिन चालू असतं, ते ती ओढून घेतं. हे सगळं मला आता कळलं आहे. त्या दिवशी एवढंच कळलं की माझ्या गाडीत, माझ्या, इतकी मळकी वस्तू दोन वर्षं कोणाच्या नजरेला न पडता बसली होती. न्हाव्याला दाढी वाढलेला माणूस दिसावा तसं झालं बघ. हात शिवशिवायला लागले.

कोमट पाण्यात तासभर भिजत घातला. पावडर नाजूक कपड्यांची, तीही बेताची. घासला नाही, चोळला नाही, पिळला तर मुळीच नाही (मी काय नवशिका आहे?). तीन पाण्यांतून काढला, शेवटच्या पाण्यात दोन थेंब नीळ घातली आणि सावलीत वाळवला. वाळल्यावर बघतो तर चुण्या मऊ पडून एकमेकींवर रेललेल्या. आता असल्या चुण्यांची वस्तू आपल्या दुकानातून बाहेर गेलेली आजवर कोणी पाहिली आहे का? मी खळ शिजवली, डॉक्टरांच्या कॉलरला लावतो ती, घट्ट. बोटानं एकेका चुणीला दोन्ही अंगांनी लावली, वर मलमलीचा तुकडा ठेवला आणि इस्त्रीच्या टोकानं एकेक चुणी बसवत गेलो. एकशे चौदा चुण्या. मोजल्या. एका कोपऱ्यात रबर जळाल्याचा जरा वास आला आणि कड थोडी उचलली गेली, पण एवढ्यातेवढ्याकडे कोण बघतो. संध्याकाळपर्यंत वस्तू अशी ताठ झाली की टिचकी मारली तर वाजायची. मला तर ती बैठकीत मांडून ठेवावी असं वाटत होतं. पण नाही, परत डब्यात बसवली, चाप लावले, आणि कोणाला काही बोललो नाही. सत्कर्म गाजावाजा न करता करावं.

सोमवारी चिमी हॉस्पिटलहून आली ती कपाळाला आठ्या घालूनच. म्हणाली गाडी ओढत नाही, मागून काळा धूर येतो. मी म्हटलं सोमवारी माणसंसुद्धा ओढत नाहीत. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. गाडीला श्वास पुरत नाही असं ती म्हणायची. (बघ, नेमकं तेच म्हणायची, आणि मी हसायचो.) मेकॅनिकला दाखवूया का, असं तिनं तीनदा विचारलं. मी म्हटलं परवाच मी स्वतः गाडी आतून-बाहेरून चकाचक केली आहे, तिला काही झालेलं नाही, तुझा पाय जड पडतो. मग मी सुधारणा हाती घेतल्या. चाकातली हवा बदलली, डिझेल भरायचा पंप बदलला, गाडीतलं जास्तीचं ओझं म्हणून मागचं बाकडं काढलं, आणि तिच्या पाण्याच्या बाटलीवरही आक्षेप घेतला. साप साप म्हणून भुई धोपटत होतो, आणि साप मीच इस्त्री करून आत ठेवला होता. सहा आठवडे ती पोर बिचारी अर्धा तास आधी निघायची, चढ पहिल्या गिअरमध्ये चढायची, आणि तरी सातच्या आत पोचायची. एकदाच, फक्त एकदाच, पंचवीस मिनिटं उशीर झाला आणि मुख्य परिचारिका बाईंचा दुकानात फोन आला. तो फोन ठेवून मी काउंटरवर गेलो आणि पुढचं पोस्टमनला विचार, त्याला सगळं ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवसापासून चाकावर मी. आता गंमत ऐक. पहिल्याच सकाळी चढाच्या पायथ्याला गाडीनं खोकला काढला आणि मध्यावर बसकण मारली. परत चालू केली, दहा पावलं गेली, परत बसली. शेजारून एक निवृत्त मास्तर काठी टेकत फिरायला चालले होते. त्यांनी माझ्या खिडकीला हात लावून चालायला सुरुवात केली, आणि चढाच्या टोकापर्यंत आम्ही त्यांच्या सुनेबद्दल सविस्तर बोललो. शेवटी ते म्हणाले, तुम्ही या मागून, मी होतो पुढे. एका सकाळी चार वेळा बंद पडलो. परिचारिका बाईंनी माझ्याकडे तिसरं मिनिटही पाहिलं आणि अठरावंही. तरीसुद्धा, ताई, मी घरी येऊन काय सांगावं? सांगितलं की पोरीनं गाडीची खोड मोडून ठेवली आहे, ती आता मला निस्तरावी लागते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, इथे तर चोरच न्यायाधीश होऊन बसला होता. तुझ्या भावजयीनं यावर माझं ताट जरा दुरून सरकवलं.

असे दोन आठवडे काढले. परवाच्या मंगळवारी गाडी गल्लीतून बाहेर पडेना, तेव्हा मेकॅनिकला बोलावलं. हा माणूस कमी बोलतो. त्यानं बॉनेट उघडलं, धूर पाहिला, काळ्या डब्याचे चाप काढले आणि फिल्टर उचलून उन्हाकडे धरला. म्हणाला, चांगल्या फिल्टरमधून उजेड झिरपताना दिसायला हवा. मीही डोळा लावला. उजेड कुठला, कागदावर आमचीच दोन डोकी दिसत होती, इतकी चकाकी. मग त्यानं बोटानं टिचकी मारली. वाजला. त्यानं वास घेतला. आणि मग माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, याला खळ कोणी दिली? मी म्हटलं, का, चांगली बसली आहे ना? यावर तो मडगार्डवर बसला, आणि खांदे हलायला लागले तसे मला वाटलं त्याला काही होतं आहे. थोड्या वेळानं त्यानं डोळे पुसले आणि रस्त्यापलीकडच्या गॅरेजमधल्या दोघांना बोलावून आणलं. त्यांनी चुण्यांवरून हात फिरवला, एकानं तर स्वतःच्या शर्टाच्या कॉलरचं विचारून घेतलं.

मग त्यानं मला समजावलं, ते तुलाही सांगून ठेवतो, दाजींच्या गाडीला उपयोगी पडेल. इंजिनाला डिझेलइतकीच हवा लागते, आणि ती या कागदाच्या न दिसणाऱ्या छिद्रांतून गाळून आत जाते. कागदाचा फिल्टर धुवायचा नसतो. फार तर हलक्या हातानं आपटून धूळ झाडायची, नाहीतर आतल्या बाजूनं बाहेर मंद हवा मारायची, आणि त्याचे दिवस भरले की सरळ काढून नवा घालायचा. मी काय केलं, तर भिजवून आधी छिद्रं मिटवली, उरली त्यांत खळ भरली, आणि वरून इस्त्री फिरवून पुन्हा उघडण्याची आशा संपवली. मग गाडी इतके दिवस चालली कशी? तर तो जो कोपरा इस्त्रीनं उचलला गेला होता, तिथल्या फटीतून येईल तेवढ्या हवेवर. दोन महिने ती बिचारी तोंडाच्या कोपऱ्यातून श्वास घेत होती. गाळल्याशिवायच आत गेलेल्या धुळीनं इंजिन खराब झालं नाही, हे नशीब. नवा फिल्टर त्यानं माझ्याकडूनच बसवून घेतला. डबा आतून कोरड्या फडक्यानं पुसायचा (कोरड्या, हे त्यानं तीनदा सांगितलं), रबराची कड चारी बाजूंनी बसली का ते बोटानं चाचपायचं, मग चाप. आणि गाडी लवेच्या पाइपापासून दूर लावायची. मी म्हटलं नव्या फिल्टरला नुसती नीळ? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी पाना उचलून त्याच्या हातात दिला.

निघताना त्यानं विचारलं, अशी गाडी चढावर न्यायचं कोण? मी सांगितलं, आधी सहा आठवडे मुलगी न्यायची, मग मी. त्यानं विचारलं किती वेळा बंद पडायची? मी म्हटलं माझ्या हातात रोज चारदा. आणि तिच्या? तिच्या हातात एकदाही नाही, ताई. मी हे तोंडानं बोललो तेव्हा मला पहिल्यांदा ऐकू आलं. मेकॅनिक म्हणाला, नाक दाबलेल्या गाडीला सहा आठवडे तो चढ चढवायचा म्हणजे हात पाहिजे, असा हात माझ्याकडे यायला वीस वर्षं लागली. आणि पिशवी उचलून गेला. मी तिथेच उभा राहिलो. मला लाज वाटली. इतकी की गल्लीत कोणी नव्हतं तरी मी खाली मान घालून आत आलो आणि उगाचच धुतलेल्या चादरी परत धुवायला टाकल्या.

असो. गाडीचं म्हणशील तर मंगळवारपासून ती अशी झाली आहे की विचारू नकोस. किल्ली फिरवली की एका दमात चालू, धुराचा मागमूस नाही. चढावर तर तिला हळू म्हणावं लागतं. परवा त्या मास्तरांना मागे टाकलं, हात केला, त्यांना ओळख पटायच्या आत गेलो. परिचारिका बाई घड्याळाकडे बघायच्या आत चादरी हजर. तेव्हा इकडची काळजी मुळीच करू नये. तुझी भावजय मजेत आहे, मी मजेत आहे, धंदा जोरात आहे. दाजींना जिना जपून चढायला सांग, आणि तुझ्या पडद्यांना खळ हवी असेल तर पाठवून दे, त्या बाबतीत माझा हात अजून कोणी धरू शकत नाही.

तुझा आज्ञाधारक (हे तूच ठरव),
धाकटा

ता. क. हे पत्र वाचून झालं की घडी न करता स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर उघडं ठेवून दे. चिमी पाणी प्यायला तिथे येतेच. मी ठेवायला सांगितलं असं मात्र बोलू नकोस, विसरलीस म्हण. मेकॅनिकचा परिच्छेद वरच्या बाजूला येईल असं बघ.

ता. क. दुसरा. वरचं खोडलं असं समज. लपवाछपवी नको, तिच्या हातातच दे. हे पत्र तुला लिहिलेलं नाही हे तू पहिल्या ओळीलाच ओळखलं असशील, तू मला अंगणात रांगताना पाहिलं आहेस. चिमे, चूक माझी होती. सगळी माझी. तुझा पाय जड नव्हता, माझं डोकं जड होतं. चार लोकांसमोर बोललो, तर चार लोकांसमोरच माघार घेतो. पोस्टमनला परवाच सांगितलं, उरलेल्या तिघांचे कपडे शुक्रवारी न्यायला येतात, तेव्हा सांगेन. बेकरी चांगली असेल, मी वाईट म्हणत नाही. पण तू ये. गाडी तुझी, रस्ता तुझा, मी शेजारीसुद्धा बसणार नाही. बसलो तर बोलणार नाही. बोललो तर उतरव.

वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून या चार ओळी मी लिहिते आहे. फिल्टरचं वर लिहिलंय ते सगळं खरं आहे, फक्त गाडी चढावर पळते ते साफ खोटं. मंगळवारी मेकॅनिकनं गल्लीत एकदा चालू करून दाखवली, तेव्हापासून ती तिथेच उभी आहे, अंगावर धुवट चादर घालून. स्वतः चालवत नाहीत आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. म्हणतात, नव्या फिल्टरनं पहिला चढ तिनंच चढायचा. म्हणजे पाच दिवस झाले, हॉस्पिटलच्या चादरी आम्ही दोघं हातगाडीवरून नेतोय. हे पुढून ओढतात. तेव्हा पोरीला बापाचं काही सांगू नका, ते तिनं वाचलंच असेल. तिला एवढंच सांगा की मागून आई ढकलते आहे.